कृष्णाकाठची पत

2006 साली गणपती 27 ऑगस्टला बसले. अनंत चतुर्दशीला अजून चार दिवस होते. शनिवारी, 2 सप्टेंबरला दिवसाचे कामकाज आटोपून बँकांची दारे बंद झाली आणि त्यानंतर साताऱ्यात बातमी आली: गावातच मुख्यालय असलेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेच्या व्यवहारांवर केंद्र सरकारने निर्बंध घातले. मुदत 1 डिसेंबरपर्यंत, म्हणजे तीन महिने. एका खातेदाराला 10,000 रुपयांच्या वर रक्कम काढता येणार नाही. बँकिंगच्या कायद्यात याला मोरॅटोरियम म्हणतात. बँकेच्या मुख्य कार्यालयात, पोवई नाक्यावर, ज्यांची खाती होती त्यांच्या भाषेत एवढेच, की पैसे अडकले.

योगायोग असा, की त्याच तारखेला कृष्णेच्या खालच्या अंगाला कुरुंदवाडमध्ये दुसरी एक बँक नकाशावरून पुसली गेली. गणेश बँक ऑफ कुरुंदवाड, स्थापना 1920. तिच्यावर जानेवारीतच निर्बंध आले होते आणि काही दिवसांतच तिला केरळातल्या फेडरल बँकेत घालण्याचे ठरले होते. पण कुरुंदवाडकर गप्प बसले नाहीत. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तिथून सर्वोच्च न्यायालयात. आठ महिने लढल्यानंतर 2 सप्टेंबरला विलीनीकरण अमलात आले. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे संस्थान, पटवर्धनांचे आराध्यदैवत गणपती, आणि गणेश बँकेचे विसर्जन ऐन गणेशोत्सवात. कादंबरीत कोणी असे लिहिले असते तर संपादकाने खोडून टाकले असते.

पुढच्या आठ महिन्यांत सांगली बँकही गेली. म्हणजे सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत मुख्यालय असलेल्या चार खासगी बँकांपैकी तीन एका वर्षाच्या आत संपल्या. पैशाच्या हिशोबाने देशाच्या दृष्टीने ही किरकोळ उलाढाल. पण या तीन जिल्ह्यांनी सुमारे शंभर वर्षे खपून उभे केलेले काही तरी त्या आठ महिन्यांत उचलून नेले गेले. ते काय होते हे समजायला थोडे मागे जावे लागते.

साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी 1913 साली एक आयुर्विमा कंपनी काढली. वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी. त्या काळी विमा म्हणजे मुंबई-कलकत्त्याच्या कंपन्यांचा धंदा. जिल्ह्याच्या गावी, रेल्वे स्टेशनही गावाबाहेर काही मैलांवर असलेल्या ठिकाणी, विमा कंपनीचे मुख्य कार्यालय थाटणे हा वेडेपणा वाटला असेल. मुहूर्तही काही धड नव्हता, कारण 1913 हेच बँका बुडण्याचे वर्ष. स्वदेशीच्या लाटेत निघालेल्या बँका तेव्हा पत्त्यांसारख्या कोसळत होत्या. लाहोरची पीपल्स बँक गेली, मुंबईची इंडियन स्पेसी बँक गेली. तरी चिरमुल्यांची कंपनी टिकली. इतकी, की तिच्या बळावर 1936 साली त्यांनी बँक नोंदवली आणि 1937 पासून तिचे व्यवहार सुरू झाले. हीच युनायटेड वेस्टर्न.

विमा कंपनीचे पुढे काय झाले ते आधी सांगून टाकतो, कारण तो धागा शेवटी पुन्हा लागणार आहे. 1956 च्या जानेवारीत केंद्र सरकारने आयुर्विम्याचा धंदा ताब्यात घेतला. देशी, परदेशी आणि भविष्य निर्वाह संस्था मिळून 245 संस्था एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. साताऱ्याची वेस्टर्न इंडिया त्यात विरघळली. तेव्हा कोणी फारसे रडले नाही. राष्ट्रीयीकरण हा त्या काळचा धर्म होता, आणि बँक तर गावातच होती. चिरमुल्यांची पहिली संस्था गेली ती 1 सप्टेंबर 1956 ला. दुसरीला टाळे लागले 2 सप्टेंबर 2006 ला. मध्ये पन्नास वर्षे आणि एक दिवस.

सातारा एकटे नव्हते. सांगली बँक 5 ऑक्टोबर 1916 ची. कुरुंदवाडची 1920 ची. मिरज स्टेट बँक 1929, बेळगाव बँक 1930, कोल्हापूरची रत्नाकर बँक 1943, बँक ऑफ कराड 1946. साताऱ्याहून सकाळी एसटीत बसले तर संध्याकाळपर्यंत बेळगावला पोचेपर्यंत या सगळ्यांच्या दारावरून किंवा थोडे आडवाटेने जाता आले असते. अडीचशे किलोमीटरच्या आत सात बँका, आणि प्रत्येकीचे हेड ऑफिस तिथल्या तिथे.

इतक्या का? एक कारण संस्थाने. सांगली, मिरज, कुरुंदवाड ही सगळी पटवर्धनांची घरे, आणि घरे वेगळी झाली की चुली वेगळ्या होतात तशा तिजोऱ्याही वेगळ्या होतात. मिरजेपासून वेगळे होऊन चिंतामणराव पटवर्धन सांगलीला आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अगदी उंबरठ्यावर. त्यांनी पेठ वसवली, व्यापारी आणले. ब्रिटिश मुलखातल्या कायद्यांच्या आणि मुंबईच्या बँकांच्या सावलीबाहेर या छोट्या राज्यांत स्वतःचे काही तरी उभारण्याची ईर्षा होती. त्याच ईर्षेने औंध संस्थानात 1910 साली किर्लोस्करवाडी वसली, कराडजवळ ओगलेवाडीला काचेचा कारखाना निघाला. दुसरे कारण माल. कोल्हापूरचा गूळ, निपाणी-जयसिंगपूरची तंबाखू, सांगलीची हळद. हा सगळा माल असा, की तो काढणीच्या वेळी स्वस्त आणि पुढे महाग. मधल्या महिन्यांत तो धरून ठेवायला कोणी तरी पैसे लावावे लागतात.

हळदीचेच बघा. सांगलीच्या शेजारी, कृष्णा-वारणा संगमावरच्या हरिपुरात हळद साठवायची ती जमिनीखालच्या पेवांत. तोंड अरुंद, आत पोट मोठे, रांजण जमिनीत पुरावा तसे. तिथली माती अशी, की आतल्या हळदीला कीड लागत नाही आणि ओलही धरत नाही. वर्षानुवर्षे हळद तशीच राहते, उलट रंग चढतो असे व्यापारी सांगत. आता विचार करा: तारण म्हणून जमिनीतल्या एका खड्ड्याकडे बोट दाखवणाऱ्या माणसाला कर्ज कोण देईल? ज्याला हरिपूर ठाऊक आहे तोच. पेव कोणाचे, माल खरा की वरवरचा, व्यापारी कोणत्या घरातला, मागच्या मंदीत त्याने देणेकऱ्यांना तोंड दाखवले की नाही, हे सगळे ज्याच्या डोक्यात आहे तो. ही माहिती कोणत्याही फॉर्मवर मावत नाही. मराठीत तिला एकच अक्षरजोडी पुरते: पत. इंग्रजीतला क्रेडिट हा शब्द हल्ली आकड्यांत उतरतो. पत हा शब्द अजून माणसाच्या तोंडावर वाचतात.

2005 च्या पावसाळ्यात कृष्णेला महापूर आला तेव्हा पाणी हरिपुरातल्या पेवांत शिरले आणि हळद सडली. पेवांचा जमाना तिथेच उतरणीला लागला, व्यापारी गोदामांकडे वळले. बँकांच्या पडझडीशी या पुराचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तो सोडलेला बरा. बँका आतून पोखरल्या होत्या, त्यांना पुराची गरज नव्हती.

एक गोष्ट आणखी. मोठ्याने छोट्याला गिळण्याचा प्रकार 2006 साली पहिल्यांदा झाला असे समजायचे कारण नाही. 1951 साली देशात 566 व्यापारी बँका होत्या. 1960 साली केरळातली पलई सेंट्रल बँक बुडाली, ठेवीदार रस्त्यावर आले, संसदेत गदारोळ झाला. त्यानंतर बँकिंग कायद्याच्या 45 व्या कलमात रिझर्व्ह बँकेला अधिकार मिळाला: दुबळ्या बँकेवर सरकारकडून निर्बंध आणा, आणि तिची इच्छा असो-नसो, सरकारच्या मंजुरीने तिला दुसरीत विलीन करा. पुढच्या आठ-नऊ वर्षांत बँकांची संख्या शंभराच्या आत आली. या लाटेत सातारा आणि सांगली हे गिळणाऱ्यांच्या बाजूला होते. आसपासच्या गावांतल्या लहान बँका त्यांच्याच पोटात आल्या. ज्या गावांची बँक तेव्हा साताऱ्याला किंवा सांगलीला गेली, त्यांनीही हेच म्हटले असेल, की निर्णय आता परगावी होणार. त्यांचे म्हणणे कोणी लिहून ठेवले नाही, एवढाच फरक.

मग पाळी मधल्यांची आली. बेळगाव बँक 1975 मध्ये युनियन बँकेत गेली, मिरज स्टेट बँक 1985 मध्ये त्याच युनियन बँकेत. बँक ऑफ कराडची कथा वेगळी आणि लाजिरवाणी. 1992 च्या हर्षद मेहता रोखे घोटाळ्यात दलालांसाठी ज्या बँकांनी पाठीशी रोखे नसताना रोख्यांच्या पावत्या, म्हणजे बँक रिसीट, दिल्या, त्यात कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरच्या गावाचे नाव लावणारी ही बँक होती. कराडच्या ठेवीदाराने ज्यांचे नावही ऐकले नव्हते अशा व्यवहारांत त्याची बँक दिवाळखोरीत निघाली. पुढे तिच्या शाखा बँक ऑफ इंडियाच्या झाल्या. गावची बँक म्हणजे गावाच्या नजरेखालची बँक, हा समज तिथे चांगलाच फुटला.

राहिल्या चार. युनायटेड वेस्टर्न त्यांत थोरली. नऊ राज्यांत शाखा, एकूण सव्वादोनशेच्या वर, ठेवी 6,000 कोटींहून अधिक. पण थकीत कर्जे फुगत गेली, तोटा भांडवल खात गेला. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की शंभर रुपयांच्या जोखमीच्या कर्जामागे किमान 9 रुपये स्वतःचे भांडवल हवे. साताऱ्याची बँक त्याच्या किती तरी खाली घसरली होती. अशात 28 फेब्रुवारी 2005 ला रिझर्व्ह बँकेने खासगी बँकांसाठी नवे धोरण जाहीर केले: प्रत्येकीची निव्वळ मालमत्ता किमान 300 कोटी असली पाहिजे. मुंबईतल्या बँकेला 300 कोटी म्हणजे एका दुपारचा व्यवहार. कुरुंदवाडच्या बँकेला तो आकडा म्हणजे दाराला लावलेले कुलूप. भागधारक कोण, तर शेतकरी, शिक्षक, व्यापारी, निवृत्त कारकून. ते आणणार कुठून?

गंमत म्हणजे, नरसिंहम समितीने 1998 च्या अहवालात बजावले होते, की विलीनीकरण हा दुबळ्या बँकांना वाचवण्याचा मार्ग समजू नये. समित्यांचे अहवाल बहुधा असेच वाचले जातात, पसंत पडलेल्या पानांपुरते.

निर्बंध आल्यावर युनायटेड वेस्टर्नसाठी जे घडले ते मात्र बुडणाऱ्या बँकेच्या वाट्याला सहसा येत नाही. 17 इच्छुक पुढे आले. सरकारी बँका, खासगी बँका, वित्तसंस्था, सगळेच. ज्या बँकेचे भांडवल संपत आले आहे तिच्यासाठी अशी रांग का लागावी? कारण शाखा. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या आणि दुधाच्या पैशावर बसलेल्या शाखा, ज्यांच्या ठेवीदारांनी दुसरी बँक पाहिलेलीच नव्हती. अशा ठेवी स्वस्त असतात आणि हलत नाहीत. नव्या शाखा काढायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत असे आणि गावात पाय रोवायला वर्षे जात. विकत घेतले की दोन्ही वाचते.

12 सप्टेंबरला, म्हणजे निर्बंधांनंतर दहाच दिवसांनी, रिझर्व्ह बँकेने आयडीबीआयचे नाव जाहीर केले. आयडीबीआय ही 1964 ची, मोठमोठ्या उद्योगांना दीर्घ मुदतीची कर्जे देण्यासाठी काढलेली सरकारी संस्था. 2004 मध्ये तिचे बँकेत रूपांतर झाले, पण बँकेला लागतात त्या शाखा आणि बचत खाती तिच्याकडे पुरेशी नव्हती. तिने भागधारकांना एका शेअरमागे 28 रुपये रोख देऊ केले. सगळे मिळून 150 कोटींच्या आसपास. सव्वादोनशेहून अधिक शाखांची, सत्तर वर्षांच्या ओळखीची ही किंमत. 30 सप्टेंबरला सरकारने योजना मंजूर केली. 2 ऑक्टोबरला दसरा झाला, आणि 3 तारखेला सकाळी दारे उघडली ती आयडीबीआयची म्हणून.

सांगलीत वेगळा मार्ग घेतला गेला. तिथे निर्बंध येण्याआधीच मालकांनी स्वतः वाट काढली. सांगली बँकेला तोटा होत होता आणि 300 कोटींची अट तिच्याही गळ्याशी आलीच होती. 9 डिसेंबर 2006 ला आयसीआयसीआयशी विलीनीकरण जाहीर झाले, सांगली बँकेच्या 925 शेअरांमागे आयसीआयसीआयचे 100. दोनशेच्या घरात शाखा, त्यातल्या बहुतेक महाराष्ट्रातल्या आणि उत्तर कर्नाटकातल्या, ठेवी 2,000 कोटींच्या आसपास. आयसीआयसीआय तेव्हा देशातली दुसऱ्या क्रमांकाची बँक. तिने 2001 मध्ये तमिळनाडूची बँक ऑफ मदुरा याच रीतीने घेतली होती. सांगलीतल्या कर्मचारी संघटनांनी विरोध केला. सरकारी बँकेत घाला, ही त्यांची मागणी. पण कायद्याच्या 44-अ कलमाखाली भागधारकांनी मत दिले आणि रिझर्व्ह बँकेने मान्यता दिली की प्रश्न मिटतो, आणि 19 एप्रिल 2007 ला तो मिटला. बँकेला शंभरी गाठायला नऊ वर्षे कमी पडली.

आता खरा मुद्दा. गेले काय?

पैसे गेले नाहीत. हे आधी आणि ठासून सांगायला हवे, कारण अशा विषयावर लिहिताना गळा काढण्याची सवय आपल्याकडे आहे. युनायटेड वेस्टर्नच्या ठेवीदाराला एक महिना त्रास झाला, नंतर त्याची पै न पै सुखरूप होती. 2019 च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिली मर्यादा होती 1,000 रुपयांची, आणि तो गुंता सुटू लागायला 2022 चा जानेवारी उजाडला. त्या ठेवीदारांना विचारले तर ते सांगतील, की साताऱ्याचे लोक नशीबवान. शाखा राहिल्या. नोकऱ्याही बहुतेक राहिल्या. एटीएम आले, संगणक सुधारले.

हलले ते हेड ऑफिस. जिल्ह्याच्या गावात हेड ऑफिस असणे म्हणजे काय हे आकड्यांत कुठेच दिसत नाही. तिथे जनरल मॅनेजर राहतात, त्यांची मुले गावातल्या शाळेत जातात. बँकेचे लेजर, पावतीपुस्तके, वार्षिक अहवाल गावातला छापखाना छापतो. गहाणखते तपासणारे वकील, इमारतींचे मूल्यांकन करणारे इंजिनिअर, लेखापरीक्षक गावातलेच. दिवाळी अंकाला, नाट्यस्पर्धेला, व्याख्यानमालेला पहिली जाहिरात बँकेची. बी.कॉम. झालेला हुशार मुलगा पुण्या-मुंबईला न जाता गावातच परीक्षा देऊन चिकटू शकतो, आणि लग्नाच्या बाजारात 'मुलगा युनायटेड वेस्टर्नला आहे' या वाक्यानंतर फार चौकशी करावी लागत नाही. बँकेच्या पाटीचा रंग बदलला तरी शाखेतला रोखपाल तोच राहतो, म्हणून बाहेरच्याला काही गेल्यासारखे वाटत नाही. छापखानेवाल्याला मात्र वाटते.

त्याहून मोठी गोष्ट कर्जाच्या निर्णयाची. द्राक्षबाग उभी करायला निघालेला तासगावचा शेतकरी, बेदाण्याचे शेड बांधणारा, फाउंड्रीला नवी भट्टी लावणारा, अशा माणसाची फाइल शाखेच्या अधिकाराबाहेरची झाली की ती वर जाते. वर म्हणजे पूर्वी पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या राजवाडा चौकात. तिथल्या टेबलावर बसलेल्याने ती बाग येता-जाता पाहिलेली असायची, निदान गाव तरी पाहिलेले असायचे. आता वर म्हणजे मुंबई. तिथला अधिकारी वाईट नसतो, कदाचित जास्तच शिकलेला असतो. पण त्याच्यासमोर असतात तीन वर्षांचे ताळेबंद आणि एक गुणांकन. ज्याचे ताळेबंद गुळगुळीत नाहीत पण माणूस खणखणीत आहे, तो त्या गाळणीतून खाली पडतो. अमेरिकेत मोठ्या बँकांच्या विलीनीकरणानंतर जिथे शाखा बंद झाल्या त्या वस्त्यांचा अभ्यास झाला आहे. शेजारी दुसऱ्या बँका असूनही तिथल्या छोट्या धंद्यांची कर्जे पुढे कित्येक वर्षे आटलेली राहिली. नवी बँक पैसे आणू शकते, ओळख तिला पहिल्यापासून जमवावी लागते.

आणि एक तांत्रिक गोष्ट, जिच्याकडे फारसे कोणी बघत नाही. अशा प्रत्येक व्यापारी बँकेला आपल्या कर्जांपैकी 40 टक्के अग्रक्रमाच्या क्षेत्रांना द्यावी लागतात, आणि त्यांतच एकूण कर्जांच्या 18 टक्के शेतीला. हे प्रमाण बँकेच्या देशभरच्या एकूण कर्जावर मोजतात. कुरुंदवाडच्या बँकेला शेतीची कर्जे द्यायची तर ती शिरोळ तालुक्यात आणि आसपासच देता येत, दुसरे शेत तिच्याकडे नव्हतेच. देशभर पसरलेल्या बँकेला तेच प्रमाण पंजाबात, आंध्रात किंवा ट्रॅक्टर कंपनीच्या मार्फत भरता येते, नाही भरले तर नाबार्डच्या निधीत पैसे टाकून मोकळे होता येते. नियम एकच, पण हेड ऑफिस हलले की त्याची माती बदलते.

तरीही स्थानिक बँकेची आरती ओवाळायला मन धजत नाही. ओळखीने कर्ज मिळते तसे ओळखीने ते बुडवताही येते. ज्याच्या घरी लग्नाला जायचे त्याच्या दारात वसुलीला कसे उभे राहायचे, हा प्रश्न प्रत्येक गावच्या बँकेला पडतो, आणि बऱ्याच जणींनी त्याचे उत्तर लग्नाला जाऊन दिले. साताऱ्याच्या बँकेची थकबाकी आभाळातून पडली नव्हती. तिचे निर्णय साताऱ्यातच झाले होते, आणि वाईट निर्णयही तिथेच झाले होते. ते करण्याचा हक्क गेला याचे दुःख करायचे, तर ते केल्याची जबाबदारीही घ्यावी लागेल. मला वाटते, या भागाने ती कधी नीट घेतली नाही. खापर रिझर्व्ह बँकेवर आणि दिल्लीवर फोडून आम्ही मोकळे झालो.

पण मुंबईला शहाणपण जास्त आहे, हा समजही लवकरच फिटला. साताऱ्याला तारून नेणाऱ्या आयडीबीआयने पुढच्या दशकात मोठ्या कंपन्यांना जी कर्जे दिली, ती एकामागून एक थकली. 2017 च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने तिच्यावरच बंधने घातली आणि मार्च 2018 अखेर तिच्या ढोबळ थकीत कर्जांचे प्रमाण 28 टक्क्यांच्या जवळ गेले. शंभरातले अठ्ठावीस. साताऱ्याच्या बँकेने ओळखीपाळखीने बुडवले ते बुडवले, पण मुंबईने रीतसर समित्या नेमून, सल्लागारांचे अहवाल घेऊन त्याहून किती तरी जास्त बुडवले. आणि ज्या पैशातून ही कर्जे गेली त्या हौदात सातारा-कराडच्या बचत खात्यांचा पैसाही होता. 2006 मध्ये ज्या रोगासाठी साताऱ्याची बँक बंद केली, त्याच रोगाने तिला घेणारी बँक खाटेवर पडली.

तिला उठवायला कोण आले? आयुर्विमा महामंडळ. 2019 च्या जानेवारीत महामंडळाने आयडीबीआयचे 51 टक्के भाग घेतले. म्हणजे चिरमुल्यांनी 1913 मध्ये काढलेली विमा कंपनी ज्या महामंडळात विरघळली, त्याने 1936 मध्ये त्यांनीच काढलेल्या बँकेला पोटात घेणारी बँक विकत घेतली. साताऱ्यातून निघालेल्या दोन संस्था पुन्हा एका छताखाली आल्या. छत मुंबईला.

चौथीचे सांगायचे राहिले. कोल्हापूरची रत्नाकर बँक त्या वर्षी वाचली. 2010 मध्ये तिने व्यवस्थापन बदलले, बाहेरचे भांडवल आणले, मुंबईला कॉर्पोरेट ऑफिस थाटले. 2014 मध्ये आरबीएल हे नाव घेतले, 2016 मध्ये शेअर बाजारात आली. क्रेडिट कार्डांच्या जाहिरातींतून हे नाव आज देशभर दिसते, आणि त्यातल्या 'आर'चा रत्नाकर होतो हे कोल्हापूरच्या तरुण पोरांनाही सांगावे लागते. ऑक्टोबर 2025 मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने तिचा 60 टक्के हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. रक्कम 26,853 कोटी. भारतातल्या बँकेत परदेशातून येणारी एवढी मोठी रक्कम आजवर कोणी पाहिली नव्हती. साताऱ्याच्या बँकेच्या भागधारकांना 150 कोटी मिळाले होते. तेव्हा ती बँक रत्नाकरपेक्षा मोठी होती.

करारानंतरच्या कागदपत्रांवरही नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता होता तोच जुना: पहिली गल्ली, शाहूपुरी, कोल्हापूर. शाहूपुरी ही मुळात गुळाच्या अडत्यांची पेठ.